सुईदोरा : आईच्या साड्या, बारशाचं दुपटं आणि संक्रांतीचं वाण

दिवाळी झाली की या सदराला पत्रं वाढतात. साफसफाईत कपाटातनं जुन्या साड्या निघालेल्या असतात, पहाटे जरा गारवा सुटलेला असतो आणि पुढं बारशी, लग्नं, संक्रांत दिसत असते. या वेळचे प्रश्न सगळे त्यातलेच आहेत. पहिल्या उत्तराला जागा जास्त लागली, पण तो प्रश्न तीन-चार जणींनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न (ऐरोली) : ताई, आई जाऊन फेब्रुवारीत वर्ष होईल. तिच्या सात साड्या माझ्याकडे आहेत, पाच सुती रोजच्या वापरातल्या, एक रेशमी आणि एक सिंथेटिक. नुसत्या कपाटात ठेवून काय करू म्हणून गोधडी शिवायचं ठरवलंय, पण मला फक्त फॉल लावता येतो आणि घर वन बीएचके आहे. दोन महिने झाले, साड्या बाहेर काढते, बघत बसते आणि परत ठेवून देते. कुठून सुरू करू?

उत्तर : फॉल लावता येतो म्हणजे गोधडीला लागणारा हात तुमच्याकडे आहे, हे आधी सांगते. सुईनं सरळ रेषेत, एकसारखा टाका घालत पुढं जायचं, त्याला धावदोरा म्हणतात आणि अख्खी गोधडी त्याच्यावरच उभी असते. बाकी काही शिकायला लागत नाही.

कात्री मात्र आठवडाभर लावू नका. सगळ्या सुती साड्या आधी साध्या पाण्यात भिजवून धुवा आणि कडकडीत वाळवा. लाल, मरून, गडद निळी अशी जी असेल तिचा कोपरा ओला करायचा, त्याच्यावर पांढरा रुमाल ठेवायचा आणि इस्त्री दाबून बघायची. रुमालाला रंग लागला तर ती साडी अजून रंग सोडतेय, तिला वेगळी दोन-तीनदा धुवा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं आपल्या घराघरात सांगतात, पण मिठाचा उपयोग रंगाईच्या वेळी, रंग धाग्यात शिरावा म्हणून असतो. रंगून झालेल्या कापडातला सुटा रंग मीठ धरून ठेवत नाही, तो धुऊनच काढावा लागतो. हे मी जरा जोर देऊन सांगते कारण आईच्या पांढऱ्या साडीवर आईच्याच लाल साडीचा डाग पडला की फार वाईट वाटतं, आणि तो निघत नाही.

मग एकेक साडी खिडकीत उजेडासमोर धरा. रोज नेसलेली साडी बसायच्या जागी विरलेली असते, तिथनं उजेड जास्त येतो. दोन अंगठ्यांनी हलकं ताणून बघा, धागे सरकले किंवा टर्र असा आवाज आला तर तो भाग आतल्या थरात जाईल, टाकून द्यायचा नाही. वरच्या आणि खालच्या थराला धड भाग ठेवायचा.

रेशमी आणि सिंथेटिक या गोधडीत घालू नका. सुती कापड धुतल्यावर आटतं, रेशमाचं वागणं वेगळं आणि सिंथेटिक जवळजवळ आटतच नाही, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या धुण्याला वर फुगे आणि चुण्या दिसायला लागतात. शिवाय सिंथेटिक घाम शोषत नाही आणि शिवताना थर घसरतात. सिंथेटिकच्या पिशव्या छान होतात, त्या करा. रेशमी साडी अख्खी राहू द्या आणि नेसा.

आता हिशोब. सिंगल बेडची गोधडी साधारण ६० बाय ९० इंच. पाचवारी साडी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंच लांब आणि पन्हा ४५ इंचाच्या आसपास (तुमच्या मोजून घ्या, थोडा फरक असतो). एका साडीचे ९० इंचाचे दोन तुकडे निघतात आणि ३६ इंच उरतात. एका थराला एक अख्खा तुकडा आणि त्याच्या शेजारी १७ इंचाची पट्टी जोडायची, ४५ आणि १७ मिळून ६२, त्यातले दोन इंच शिलाईत जातात. अशा दोन पट्ट्या एका तुकड्यातून निघतात. मग पाच थरांना पाच अख्खे तुकडे आणि पट्ट्यांसाठी तीन, एकूण आठ तुकडे, म्हणजे बरोबर चार साड्या. पाचवी साडी विरलेल्या भागांच्या बदली हाताशी राहील. कापताना घाई नको. जोड एकावर एक येऊ देऊ नका, एका थरात पट्टी डावीकडे आली तर पुढच्या थरात उजवीकडे, नाहीतर झोपल्यावर पाठीला कडक धार लागते. आणि पदर वरच्या थरात डोक्याच्या बाजूला येऊ द्या, ओळखू येईल असा.

जागेचं म्हणाल तर ५ बाय साडेसात फूट एवढीच फरशी मोकळी लागते आणि तीही एकाच दिवसापुरती, टीपॉय आणि खुर्च्या बाजूला केल्या की वन बीएचकेच्या हॉलमध्ये निघते. खालचा थर उलटा पसरायचा, कडा चिकटपट्टीनं फरशीला लावायच्या, फार न ताणता. त्याच्यावर एकेक थर ठेवून मधून कडेकडे हात फिरवत झोळ काढायचा. पाचही थर बसले की दर सहा इंचाला सेफ्टी पिन, आणि मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं मोठ्या टाक्यांची कच्ची शिलाई, मधून चारी बाजूंना आणि चारी कोपऱ्यांकडे. हे काम कंटाळवाणं आहे आणि कमरेला लागतं, घरात कुणाला तरी बरोबर घ्या, पण यातलं काहीही गाळू नका कारण गोधडी सपाट होणार की नाही ते याच दिवशी ठरतं. त्यानंतर ती गुंडाळून सोफ्यावर, पलंगावर कुठंही मांडीवर घेऊन शिवता येते.

दोरा सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो पण जुनं मऊ कापड त्याच्यापुढं टिकत नाही, दोरा राहतो आणि कापड टाक्याच्या भोकाशी कापलं जातं. एका वेळी हातभरच दोरा ओवायचा, मेणावरून एकदा ओढला की गुंतत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान सवय नसली तरी घाला, पाच थरांतनं सुई ढकलताना तिसऱ्या दिवशी बोट दुखतं. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवलंत तर ९० इंचाच्या साठेक ओळी होतात, म्हणजे ५४०० इंच, जवळजवळ १३७ मीटर धावदोरा. आकडा ऐकून घाबरू नका. नवीन हाताला एका ओळीला वीस-पंचवीस मिनिटं लागतील, रोज रात्री जेवण झाल्यावर दोन ओळी घातल्या तर महिन्यात गोधडी पूर्ण. आत्ता सुरू केलीत तर वर्षश्राद्धाच्या आधी ती तुमच्या अंगावर असेल.

पत्र (नौपाडा, ठाणे) : मागच्या अंकात तुम्ही लिहिलंत की गोधडी नेहमी मधून सुरू करून कडेकडे शिवायची. माझं वय ७८. आमच्या साताऱ्याकडं माझ्या सासूबाई आणि मी कडेनं सुरू करून चौकटीच्या आत चौकट अशी शिवत मधे यायचो. आयुष्यात तीस-चाळीस वाकळी शिवल्या असतील, एकीलाही फुगा आला नाही. तुमचं चुकलं असं म्हणत नाही, पण 'नेहमी' कशाला लिहिलंत?

उत्तर : आजी, 'नेहमी' हा शब्द मी मागे घेते. तुमचं पत्र वाचून मी माझ्या आजीची वाकळ काढून बघितली, तिच्यातही चौकटीत चौकटच आहे. मी इतकी वर्षं ती पांघरली आणि लिहिताना ते माझ्या लक्षात आलं नाही.

नवीन शिकणाऱ्यांना मधून बाहेर सांगतात त्याचं कारण एवढंच की थरांमधला जो झोळ असतो तो सुईपुढं सरकत जातो. मधून निघालं तर तो कडेनं बाहेर पडतो, कडेनं आत आलं तर सगळा मधे येऊन साठू शकतो. पण तुमच्या पद्धतीत बायका तो झोळ प्रत्येक फेरीला हातानं चोळून, थोडा थोडा टाक्यात मुरवत आत जायच्या आणि कापड इतकं जुनं मऊ असायचं की ते मुरायचंही. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी लोक कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही कोपऱ्यातून सुरू होऊन कडेकडेनं फिरत मधे संपते. त्यांचं तर आणखी वेगळं, ते वरचे तुकडे आधी जोडून ठेवत नाहीत, एक तुकडा ठेवायचा, त्याची कड दुमडायची, त्याच्यावर धावदोरा घालायचा, मग पुढचा तुकडा. म्हणजे तुकडा ठेवतानाच झोळ निघून जातो, मधे काही साठायला उरतच नाही. शेवटी चार कोपऱ्यांना घडी घातलेले छोटे त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फूल म्हणतात, ती लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं धरत नाहीत.

तेव्हा ऐरोलीच्या ताईंनाही सांगते, कच्ची शिलाई मधून बाहेरच करा, पण पक्का धावदोरा तुम्हाला आजींसारखा कडेनं आत आणायचा असेल तर आणा, फक्त दर फेरीला हात फिरवून झोळ बघत जा. आणि आजी, घरातल्या कुणाला तरी सांगून तुमच्या वाकळीचा फोटो नक्की पाठवा.

प्रश्न (घोडबंदर रोड) : बहिणीला मुलगी झालीय, बारसं तीन आठवड्यांवर आहे. दोन दुपटी, झबलं, कुंची आणि राईची उशी असा सेट शिवून द्यायचाय. उशीत राई किती भरायची? भाजून भरायची का?

उत्तर : राईची उशी शिवू नका. मला माहितीये की आपल्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहे, माझ्या मुलालाही होती, डोकं गोल होतं म्हणून. पण आता बालरोगतज्ज्ञ स्पष्ट सांगतात की पहिलं वर्षभर बाळाच्या झोपायच्या जागी उशी नको, लोड-तक्के नकोत, सुटं पांघरूणही नको, कारण तोंडावर आलेलं कापड बाळाला स्वतःला बाजूला करता येत नाही आणि श्वास अडू शकतो. बाळ पाठीवर, सपाट आणि जरा घट्ट गादीवर झोपवायचं. डोकं एका बाजूनं चपटं होऊ नये म्हणून जागं असताना, आपण समोर बसून, थोडा थोडा वेळ पोटावर ठेवायचं. घरातल्या मोठ्या बायका बारशाला 'उशी कुठाय' म्हणून विचारतील, तेव्हा बहिणीला एकटीला उत्तर द्यायला लावू नका, तुम्ही सांगा.

दुपटी मात्र दोनच्या ऐवजी चार द्या, पुरत नाहीत. ती मांडीवर घ्यायला, अंग पुसायला, दूध पाजताना खांद्यावर टाकायला, फरशीवर पसरून खेळवायला. मलमलचे दोन थर, ४० बाय ४० इंच. नवीन मलमलला खळ असते आणि ती आटतेही, म्हणून कापायच्या आधी गरम पाण्यात धुवा. दोन तुकडे सुलट बाजू आतमध्ये घेऊन चारी बाजूंनी शिवायचे, चार इंच जागा उघडी ठेवायची, तिथनं उलटवून कोपरे टोकदार काढायचे आणि वरून पुन्हा कडेनं एक शिलाई मारायची, की आतली कच्ची कड बाळाला लागत नाही. आईची किंवा सासूबाईंची जुनी सुती साडी मिळाली तर मलमल विकत घेऊच नका, तितकं मऊ कापड दुकानात मिळत नाही.

झबल्याची शिलाई बाहेरच्या बाजूला ठेवा, दिसायला उलटं वाटतं पण बाळाच्या कातडीला टोचत नाही. गळ्याशी लांब बंद नकोत. टिकल्या, मणी, घुंगरू काही लावू नका, ते तोंडात जातात. कुंची खणाची शिवा, आतून मलमलचं अस्तर लावा, ती बारशाच्या पाळण्यापुरती आणि फोटोपुरती, झोपवताना काढायची. एवढं बहिणीला चिठ्ठीवर लिहून सेटमध्येच ठेवा.

प्रश्न (नेरूळ) : आमच्या सोसायटीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला साधारण ५० जणी येतात. दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटून कंटाळा आलाय, या वेळी खणाचे चेनवाले पाऊच स्वतः शिवायचे म्हणते. कापड किती लागेल आणि एकटीनं होईल का?

उत्तर : होईल, पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कापड घरात पाहिजे. जानेवारीत सुरू केलंत तर तिळगुळाच्या वड्या आणि पाऊच एकदम अंगावर येतील.

एका पाऊचला ८ बाय १२ इंचाचा तुकडा, मधे दुमडला की तयार पाऊच ७ बाय साडेपाच, मोबाइल आडवा मावतो. ४४ इंच पन्ह्यात एका ओळीत पाच तुकडे बसतात, ५० तुकड्यांना दहा ओळी, म्हणजे १२० इंच, सव्वातीन मीटर घ्या. पण खणाची गंमत त्याच्या काठात आहे आणि असं आडवं कापलं तर काठ फक्त कडेच्या तुकड्यांना येतो. म्हणून काठ आधी लांबीत कापून वेगळा काढा आणि त्याच्या पट्ट्या पाऊचच्या तोंडाशी, चेनच्या खाली लावा. काठ काढल्यावर मधला पन्हा ४० च्या खाली गेला तर ओळीत चारच तुकडे बसतील, तेरा ओळी लागतील, मग सव्वाचार मीटर. तेव्हा दुकानात पन्हा काठ सोडून मोजून घ्या. हातमागाचा पारंपरिक खण, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा वगैरे, पन्ह्याला अरुंद असतो, त्याचा हिशोब परत करावा लागेल. इतक्या कापडासाठी मुंबईत मंगलदास मार्केटला एक चक्कर जमली तर बघा, निवड भरपूर असते, दुपारी गर्दी होण्याआधी जा. अस्तराला साधं पॉपलिन वाशीत-नेरूळमध्येच मिळेल, तेही तेवढंच.

चेन तयार घेऊ नका. रोलवरची चेन आणि रनर सुटे घ्या, ५० पाऊचना ८ इंचाप्रमाणे ४०० इंच, अकरा मीटर पुरेल.

खणाचे धागे कडेनं भराभर सुटतात, हात लावेल तसे. म्हणून कापायच्या आधीच मागून पातळ चिकट बक्रम इस्त्रीनं लावून टाका. इस्त्री मध्यम ठेवा आणि कोपऱ्यावर करून बघा, आजकाल खणात सुताबरोबर दुसरे धागेही असतात.

आणि एकेक पाऊच पूर्ण करत बसू नका. एक दिवस फक्त कापणं, एक दिवस सगळ्यांचे काठ, मग सगळ्यांच्या चेनची एक बाजू, मग दुसरी. मशीनवर एक तुकडा संपला की दोरा न तोडता पुढचा तुकडा सरकवायचा, तोरणासारखी माळ तयार होते, शेवटी कात्रीनं सुटी करायची. याच्यानं वेळ निम्म्यावर येतो आणि दोराही वाचतो. शेजारच्या दोघींना उलटवायला आणि टोकं काढायला बसवा.

प्रश्न (कोपरखैरणे) : सासूबाईंचं काळं पायमशीन आहे. वरची शिलाई ठीक दिसते पण खाली दोऱ्याचं जाळं होतं. बॉबिन बदलली, केस बदलली, काही फरक नाही.

उत्तर : जाळं खाली दिसलं की सगळे बॉबिनच्या मागे लागतात, पण चूक बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. वरचा दोरा ताणात बसलेला नसला की तो सैल होऊन खाली लोंबतो. टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये दोरा नीट आत गेलाय का बघा, आणि दोरा ओवताना कापड दाबून धरणारा फूट वर उचललेला पाहिजे, खाली असला की चकत्या मिटलेल्या राहतात आणि दोरा नुसता वरून जातो. मग सुई. मशीनच्या सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या खाचेच्या बाजूनं ओवायचा. सुई उलटी बसली किंवा पूर्ण वर गेली नाही तरी हेच होतं. आमच्याकडे एकदा एका कारीगरानं मशीन उघडून टायमिंग बिघडलंय म्हणून चांगले पैसे घेतले होते आणि नंतर कळलं की फक्त सुई फिरलेली होती, तेव्हापासून मी आधी नवीन सुई लावून बघते. साध्या सुतीला १४ नंबर, जीन्स आणि गोधडीला १६.

एवढं करून राहिलं तर बॉबिन केस दोऱ्यानं धरून लोंबती सोडा, ती स्वतःच्या वजनानं घसरत खाली आली तर खालचा ताण सैल आहे, हिसका दिल्यावर थोडीशी सरकून थांबली तर बरोबर. दाते आणि शटलमधली लिंट, म्हणजे दोऱ्या-कापडाचा बारीक भुगा, ब्रशनं काढा आणि मशीनचंच तेल घाला. खोबरेल तेल घालू नका, ते गारव्यात थिजतं आणि एरवीही आत चिकट होत जातं.

प्रश्न (वाशी) : गरम भांडी धरायला मिटन शिवलेत, आत जुन्या ब्लँकेटचा तुकडा भरलाय. चालेल ना?

उत्तर : ब्लँकेट कशाचं आहे त्याच्यावर आहे. सिंथेटिक असेल तर ते गरम कढईच्या कडेला वितळून हाताला चिकटू शकतं, असे मिटन कृपा करून कुणाला भेट देऊ नका. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, सिंथेटिक असेल तर आकसून कडक गोळी होते. आत जुन्या टर्किश टॉवेलचे दोन-तीन थर घाला, वरचं कापड आणि दोराही सुतीच. चंदेरी चकचकीत अस्तर वापरणार असाल तर तो मिटन मायक्रोवेव्हच्या आत राहू देऊ नका, त्यातल्या धातूनं ठिणग्या उडतात. आणि ओल्या मिटननं गरम भांडं धरू नका, ओल्यातून चटका फार लवकर लागतो, म्हणून भेट देताना जोडीच द्या, एक वाळत असताना दुसरा.

प्रश्न (पनवेल) : पावसाळ्यानंतर गोधड्यांना कुबट वास येतो. काय करावं?

उत्तर : धुऊन दोन दिवस कडक उन्हात, दर दोन तासांनी उलटून. जाड गोधडी बाहेरनं वाळलेली वाटते आणि आत ओलीच असते, वास तिथनं सुरू होतो. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळा, आणि घडी दर खेपेला वेगळ्या ठिकाणी घाला, एकाच घडीवर कापड विरतं.

प्रश्न (कळवा) : मी निवृत्त होऊन सहा महिने झाले. पत्नीचं मशीन घरात नुसतं पडून आहे, तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ती बसत नाही. मला शिकायचंय. या वयात आणि पुरुष माणसानं, लोक काय म्हणतील ते सोडा, पण पहिली वस्तू कुठली शिवू?

उत्तर : काका, आपल्याकडचे किती टेलर पुरुषच आहेत, तेव्हा तो विचार खरंच सोडा. पहिली वस्तू उशीचा अभ्रा. सगळ्या शिलाया सरळ, आणि चूक झाली तरी वापरता येतो.

आपली नेहमीची उशी १७ बाय २७ इंच. एका अभ्र्याला १८ इंच रुंद आणि ६२ इंच लांब एकच पट्टी: २७ दुणे ५४, आत उशी अडकायला सहा इंचाची झडप आणि दोन टोकं दुमडायला दोन इंच. ३६ इंच पन्ह्यात अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी निघतात, म्हणजे पावणेदोन मीटर कापडात जोडी, धुतल्यावर आटेल ते धरून. रेघारेघांचं किंवा चौकड्यांचं सुती कापड घ्या, कापताना आणि शिवताना सरळ रेघ डोळ्यांसमोर राहते, हा नवीन माणसाला फार मोठा आधार आहे.

पण कापडाला हात लावायच्या आधी दोन दिवस मशीनवर दोरा न लावता वहीच्या आखीव कागदावर शिवा, ओळीवर ओळ. पायडल मागे-पुढे मारण्याची लय पायाला आली की मशीन उलटं फिरायचं थांबतं. मग दोन्ही टोकं दुमडून शिवा. पट्टीची सुलट बाजू वर ठेवून एका टोकापासून २७ इंच मोजून घडी घाला, उरलेली झडप त्याच्यावर उलटी पाडा, दोन्ही बाजू अर्ध्या इंचावर शिवा आणि उलटवा. सुरुवातीला आणि शेवटी दोन-तीन टाके मागे-पुढे घ्यायला विसरू नका, नाहीतर उशी घालताना तिथनंच उसवतं.

काकूंना शेजारी खुर्ची टाकून बसवा. त्यांना बारीक टाका दिसत नसला तरी मशीनच्या आवाजावरनं दोरा अडकतोय की नाही ते त्या तुमच्या आधी सांगतील.